पाण्याखालचे भोक

होडीला भोक पडले तर ती बुडते, हे शिकण्यासाठी कोणाला शाळेत जावे लागत नाही. परंतु यंत्राची होडी ही मुळातच भोक पाडून पाण्यात सोडलेली होडी असते, हे मला चाळिशी उलटल्यावर कळले, आणि तेही हात पोळून घेतल्यावर. त्या भोकाचा इतिहास सांगण्याचे येथे योजिले आहे. इतिहास म्हटला की ज्यांच्या डोळ्यांपुढे राजे आणि लढाया येतात त्यांची किंचित निराशा होईल. एक लढाऊ जहाज मात्र वाटेत भेटणार आहे.

आमची शाळा खाडीच्या अलीकडे आणि दोन वाड्या पलीकडे. मुलांच्या ये-जा करण्यासाठी गावाने वर्गणी काढून मासेमारीतून काढलेली एक जुनी लाकडी लाँच विकत घेतली. दोन सिलिंडरांचे डिझेल इंजिन, रंग उडालेला, आवाज मात्र खणखणीत. हिशेब लिहिता येणारा आणि रिकामा सापडणारा माणूस म्हणून समितीचे चिटणीसपद माझ्या गळ्यात पडले. पहिल्याच आठवड्यात तळाशी घोटाभर पाणी दिसले.

आमचे तांडेलमामा घाबरले नाहीत. त्यांनी बोट बुडवून पाणी जिभेला लावले. "खारट आहे. म्हणजे वरून झिरपलेलं पावसाचं नव्हे." मग सगळे पाणी उपसून तळ फडक्याने कोरडा केला, फळ्यांच्या सांध्यांवर चुलीतली राख भुरभुरली आणि बॅटरी घेऊन तासभर बसून राहिले. दोन ठिकाणी राख काळी पडली. तेथे कापूस ठोकून वर तेल-चंद्रूस भरला. बाकीच्या सांध्यांना त्यांनी हात लावला नाही. चार महिने शाकारून कोरडी पडलेली होडी पाण्यात गेली की फळ्या फुगतात आणि बारीक फटी आपोआप मिटतात, असे त्यांचे म्हणणे, आणि ते खरे ठरले. मग इंजिन चालू केले. थंड पाणी ओढणाऱ्या नळीची जाळी प्लास्टिकच्या पिशवीने बुजली होती, ती साफ होताच इंजिनाचा तापही उतरला. राहिले ते एकच ठिकाण: इंजिनाचा दांडा जेथून होडीबाहेर पंख्याकडे जातो ते. तेथून थेंब थेंब पाणी येत होते.

"हे बंद करा," मी म्हणालो.

"गुरुजी, ह्याला गळू द्या. मिनिटाला चार-सहा थेंब यायलाच हवेत."

"मामा, ह्या होडीत मुलं बसणार आहेत. गळकी होडी मी चालू देणार नाही."

मेस्त्रीने माझ्याकडे पाहिले, मामांकडे पाहिले, आणि चिटणीसाचा मान राखून ग्लँडचे दोन्ही नट करकचून आवळले. थेंब थांबले. मी समाधानाने घरी गेलो.

चौथ्या दिवशी भर खाडीत जळका वास सुटला. इंजिन कण्हू लागले, काळा धूर आला. मामांनी इंजिन बंद करून फळी उचलली, तर ग्लँड हात लावू देईना इतका तापला होता. आतली दोरी जळून गेली होती, आणि आता अंगठ्याएवढी धार आत येत होती. होडीत सतरा मुले होती. मुलांनी जेवणाचे डबे रिकामे करून पाणी उपसले. भरती आमच्या बाजूची होती म्हणून होडी चिखलात जाऊन टेकली. कोणाला काही झाले नाही. मामा मला एक अक्षर बोलले नाहीत, हे मला फार लागले.

त्यानंतर कित्येक रात्री मला एकच प्रश्न छळत होता: होडीच्या पाठीत पाण्याखाली भोक पाडण्याची बुद्धी प्रथम कोणाला झाली, आणि त्या माणसाने गळतीचे काय केले? शोध घेतला तेव्हा कळले की माझी चूक फार थोर घराण्यातली होती.

आगबोटी आल्या त्या चाकांच्या. बाजूला लावलेल्या चाकांचा आस पाण्याच्या पातळीच्या वरून बाहेर पडे. त्यामुळे गळतीचा प्रश्नच नव्हता. आपल्या मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही याच जातीची. इसवी सन १८३० च्या मार्च महिन्याच्या २० तारखेस ती मुंबईहून निघाली आणि एडनला कोळसा घेत सुमारे महिन्याभरात सुएझला पोहोचली. तिला कोळसा इतका लागे की खोल्यांतूनही तो भरावा लागला. चाकांची खोड वेगळीच: जहाज जड असले तर चाक फार बुडे, हलके झाले तर पाणी पुरेसे पकडता येईना, आणि तिरके झाले तर एक चाक हवेत फिरे. लढाईत तर तोफगोळ्याला चाकासारखे सोपे लक्ष्य दुसरे नाही.

म्हणून मळसूत्राकडे लोकांचे लक्ष गेले. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातील वनाधिकारी योझेफ रेसेल याने १८२९ साली त्रिएस्तच्या बंदरात 'चिवेत्ता' नावाची होडी पाठीमागच्या मळसूत्राने चालवून दाखविली. काही मिनिटे ती उत्तम चालली. मग वाफेच्या नळीचा डाख दिलेला सांधा फुटला, आणि पोलिसांनी पुढील प्रयोगांना बंदी केली. एका सांध्याच्या गळतीने माणसाची कीर्ती वाहून गेली. त्याच्याबद्दल मला विशेष जिव्हाळा वाटतो, हे वेगळे सांगायला नको.

यश आले ते हेंडनच्या फ्रान्सिस पेटिट स्मिथ या शेतकऱ्याला. त्याने १८३६ च्या मे महिन्यात पेटंट घेतले. स्वीडनच्या एरिक्सनने थोड्याच आठवड्यांनी घेतले. स्मिथचे मळसूत्र लाकडी, पुरते दोन वेढ्यांचे होते. १८३७ साली पॅडिंग्टनच्या कालव्यात चाचणी चालू असताना त्याचा सुमारे अर्धा भाग मोडून पडला, आणि होडी थांबण्याऐवजी जोरात धावू लागली! दोन वेढ्यांपेक्षा एक बरा, हे शास्त्रज्ञांना नव्हे, मोडतोडीला कळले. पुढे 'आर्किमिडीज' हे जहाज झाले, आणि १८४५ च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश आरमाराने मळसूत्राची 'रॅटलर' आणि चाकांची 'अलेक्टो' यांना पाठीस पाठ बांधून ओढायला लावले. 'रॅटलर'ने 'अलेक्टो'ला उलटे फरफटत नेले.

पंख्याचा जय झाला खरा, पण दांडा आता पाण्याखालून बाहेर जाऊ लागला. दांड्याभोवती पाणी अडवायची युक्ती जुनीच होती: पेटीत तेल-चरबी लावलेली तागाची दोरी गुंडाळायची आणि झाकण आवळून ती दाबायची. जेम्स वॉटने आपल्या वाफेच्या यंत्राच्या सिलिंडरावर हीच पेटी वापरली होती. आमच्या लाँचवरचा ग्लँड तिचाच वंशज. पण वॉटची दांडी सरळ वर-खाली होत होती आणि एका जागी उभ्या यंत्रात होती. जहाजाचा दांडा गरगर फिरतो, जड असतो, आणि पाठीमागे पंख्याचे लोढणे घेऊन थरथरतो. त्याला पेलण्यासाठी पितळेची बेअरिंगे घातली. ती घट्ट, गुळगुळीत, देखणी. आणि ती भराभर झिजत. झिजली की दांडा डुगडुगे, डुगडुगला की दोरी फाटे, दोरी फाटली की पाणी आत. मोठमोठ्या जहाजांना याच कारणाने वारंवार गोदीत यावे लागे.

यावर तोड काढली ग्रिनिचचा इंजिनकार जॉन पेन याने, १८५४ साली. त्याला स्मिथचेही साहाय्य होते. त्याने पितळेच्या जागी लाकूड घातले! वेस्ट इंडीजकडचे लिग्नम व्हिटी हे लाकूड इतके घट्ट की पाण्यात बुडते, आणि अंगात राळेसारखा चीक असतो. त्याच्या पट्ट्या पेनने दांड्याभोवती थोडी थोडी फट ठेवून बसविल्या, आणि त्या फटींतून समुद्राचे पाणी मुद्दाम खेळते ठेवले. ज्याला बाहेर अडवायचे म्हणून सगळे झगडत होते, त्यालाच त्याने वंगण म्हणून कामाला लावले. पाणी जाई तेथे दांडा थंड राही, आणि लाकूड वर्षानुवर्षे टिके. आतल्या दोरीच्या पेटीनेही थोडे पाणी येऊ द्यायचे, ते याच हिशेबाने. मामांचे चार-सहा थेंब ते हेच.

सगळ्यांना हे लगेच लाभले असे नाही. १८५५ च्या डिसेंबरात 'रॉयल आल्बर्ट' हे १२१ तोफांचे ब्रिटिश लढाऊ जहाज ग्रीसच्या किनाऱ्याजवळून जात असता दांड्याच्या जागेतून पाणी आत घुसू लागले. शत्रूचा एकही गोळा न लागता त्या प्रचंड जहाजाला एका बेटाच्या किनाऱ्यावर आणून टेकवावे लागले. हे वाचले तेव्हा आमचा चिखल मला आठवला, आणि खोटे कशाला बोलू, थोडे बरे वाटले.

पुढे वाफ गेली, डिझेल आले. १९१२ साली डिझेलवर महासागर ओलांडणारी 'सेलांडिया' डेन्मार्कमध्ये बांधली गेली. लाकडाच्या जागी पुष्कळ ठिकाणी रबर आले. पन्नाशीच्या दशकात आपल्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या होड्यांना इंजिने बसू लागली, आणि ज्या सुतारांनी पिढ्यान्‌पिढ्या होडीला भोक पडू नये म्हणून जिवाचा आटापिटा केला, त्यांनाच आता मागच्या खांबात गिरमिटाने आरपार भोक पाडावे लागले. त्यांच्या मनाला तेव्हा काय वाटले असेल, ते कोणी लिहून ठेवलेले माझ्या पाहण्यात नाही.

आमच्या लाँचचा दांडा जळक्या दोरीने ओरखडला होता. तो बदलावा लागला. त्यासाठी दुसऱ्यांदा वर्गणी काढली, आणि त्या सभेत चूक कोणाची हे मी उभे राहून सांगितले. नवी दोरी भरताना मामांनी नट फक्त हाताने आवळले, मग पान्याने पाव आटा दिला, आणि मला खाली बोलावून घड्याळ धरायला सांगितले. सहा थेंब.

तेव्हापासून सातवीतली एक मुलगी सकाळच्या फेरीला मिनिटभर थेंब मोजते आणि खडूने इंजिनाच्या पेटीवर आकडा लिहिते. गेल्या सोमवारी तिने पाच लिहिले होते, मंगळवारी सहा, बुधवारी नऊ. मामांनी आकडा वाचला, मुले उतरून जाईपर्यंत वाट पाहिली, आणि पाना घेऊन खाली उतरले.