कुरणाची चराई-क्षमता

कुरणाची चराई-क्षमता : गवत खालावू न देता एखाद्या कुरणावर वर्षानुवर्षे जितकी गुरे चारता येतात, ती त्या कुरणाची चराई-क्षमता. ती हेक्टरी गुरांच्या संख्येत किंवा दर गुरामागे लागणाऱ्या जमिनीत सांगतात. एका गायीला किती एकर, या प्रश्नाला सगळीकडे चालेल असे एक उत्तर नाही. आयर्लंडच्या ओलसर हवेत सुमारे अर्ध्या हेक्टरावर एक गाय पोसते. दक्षिण ऑस्ट्रेलियातील ॲना क्रीक या विस्तीर्ण पशुपालन-क्षेत्रात मात्र चांगल्या पावसाच्या वर्षीही दर जनावरामागे एक चौ. किमी. हून अधिक रान लागते. पश्चिम युरोपात तर गवत मुबलक असूनही गुरांवर मर्यादा येते ती शेणामुताने. युरोपीय संघाच्या १९९१ च्या नियमानुसार नायट्रेट-प्रदूषणाचा धोका असलेल्या भागांत शेणखतातून हेक्टरी १७० किग्रॅ. पेक्षा जास्त नायट्रोजन जमिनीत जाऊ द्यायचा नाही, म्हणजे ढोबळमानाने दोन दुभत्या गायी.

हिशेबाची सुरुवात जनावराच्या वजनापासून होते. गुराला रोज आपल्या वजनाच्या दोन ते तीन टक्के शुष्क चारा लागतो. भारतात प्रमाण म्हणून ३५० किग्रॅ. वजनाचे मोठे जनावर धरतात. अडीच टक्क्यांनी त्याला रोज पावणेनऊ किग्रॅ. शुष्क चारा, म्हणजे साधारण ४० किग्रॅ. ओले गवत लागते. वर्षाचा शुष्क चारा सव्वातीन टनांच्या आसपास जातो. वासरू यापेक्षा कमी खाते, भरलेल्या अंगाची म्हैस बरीच जास्त.

कुरण किती देते हे पाहण्यासाठी एक मीटर लांब-रुंद चौकट ठेवून आतले गवत कापतात, वाळवतात आणि तोलतात. चौरस मीटरला २०० ग्रॅम वाळले गवत भरले, तर हेक्टरी दोन टन. चांगली-वाईट जागा न निवडता अशा बऱ्याच चौकटी कापाव्या लागतात. आलेले सगळे गवत मात्र गुरांचे नसते. निम्मे जमिनीवर राहू द्यावे, हा जुना आणि भरवशाचा दंडक. मागे राहिलेल्या पात्यांवरच मुळांचे पोषण होते आणि उघडी न पडलेली माती पावसात वाहून जात नाही. हेक्टरी तीन टन देणाऱ्या कुरणातून असे दीड टन हाती येते, म्हणून एका गायीला वर्षभरासाठी दोन हेक्टरांहून थोडी अधिक, म्हणजे पाच-सव्वापाच एकर जमीन हवी. तेच रान उजाड होऊन टनावर आले, तर सोळा एकर. गाय फक्त पावसाळ्याचे चार महिने रानात चरणार असेल आणि पुढे दावणीला कडबा मिळणार असेल, तर तीन टनांच्या कुरणात पावणेदोन एकर पुरते. जमिनीचा आकडा सांगताना किती महिन्यांसाठी, हे सांगितलेच पाहिजे.

दख्खनच्या पठारावर हा हिशेब ऑगस्टमधले हिरवे रान बघून करणे घातक आहे. फुलोऱ्यानंतर गवतातली प्रथिने झपाट्याने घटतात. ती सात टक्क्यांच्या खाली गेली की कोठीपोटातील (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या जठरकप्प्यातील) सूक्ष्मजीव मंदावतात, आणि रानात गवत उभे असूनही जनावर वाळते. शिवाय पाऊस दरवर्षी सारखा नसतो. सरासरी वर्षाला बेतून ठेवलेली गुरे दुष्काळात गवताचे ठोंबही खातात आणि पुढची कित्येक वर्षे कुरण सावरत नाही. संख्या कमी पावसाच्या वर्षाला बेतावी, हाच खरा नियम.

अतिचराई आधी गवताच्या जातींत दिसते. द्वीपकल्पीय भारतातील कुरणे शेडा व मारवेल या गवतांच्या गटात मोडतात. चराईचा ताण वाढला की ही गोड गवते आधी जातात आणि कुसळी पसरते. तिची कुसळे गुरांच्या तोंडात व कातडीत रुततात. त्याही पुढे तरवड, टाकळा, घाणेरी उरतात. डोंगर लांबून हिरवा दिसतो, पण गायीच्या पोटात जाण्यासारखे तिथे काही नसते.

संख्येइतकेच महत्त्व विश्रांतीला आहे. फ्रान्सचे आंद्रे व्वाझँ यांनी १९५७ च्या ग्रंथात दाखवले, की कापलेले पाते पुन्हा भरून येण्याआधी तेच ठोंब परत खाल्ले गेले, तर थोडी गुरेही कुरण संपवतात. म्हणून कुरणाचे भाग पाडून गुरे फिरवतात.

भारतात कायम चराऊ जमीन सुमारे १०३ लाख हेक्टर आहे आणि २०१९ च्या पशुगणनेत गायी-म्हशी मिळून ३० कोटींवर होत्या. म्हणजे हेक्टरी तीसेक जनावरे, शेळ्या-मेंढ्या वेगळ्याच. ही गुरे मुख्यतः कडबा, भुसा, पेंढा, बांध आणि जंगल यांवर जगतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ नुसार गावाच्या चराईसाठी जमीन राखून ठेवता येते. त्या गायरानांवर अतिक्रमणे झाली, की उरलेल्या तुकड्यावरचा भार आणखी वाढतो. सार्वजनिक गावजमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपालसिंग खटल्यात सर्व राज्यांना दिला. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने दुसरी वाट धरली : डोंगरावर चराईबंदी केली, गवत विळ्याने कापून न्यायची मुभा ठेवली आणि गुरे गोठ्यात बांधली.