हेतू शुद्ध, शब्द अशुद्ध

पौष वद्य एकादशीला आपण त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या समाधीपुढे माथा टेकतो. शके १२१९ मध्ये नाथ येथे समाधिस्थ झाले. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघ आडवा आला, चुकामूक झाली आणि बाळ निवृत्ती गहिनीनाथांच्या गुहेत पोहोचला, ही कथा आपल्या लेकरांनाही ठाऊक आहे. पण हे कुटुंब गाव सोडून डोंगरात का आले होते, याचा विचार आपण कमी करतो.

त्याचे मूळ एका वाक्यात आहे. आपेगावचे विठ्ठलपंत वृत्तीने विरक्त. आळंदीच्या सिधोपंतांची कन्या रुक्मिणी त्यांना दिलेली; पण मन संसारात रमेना. संन्यासाला पत्नीची संमती हवी. पंत वारंवार विचारीत. परंपरा सांगते, एकदा ती आपल्याच विवंचनेत असताना ‘जा’ म्हणाली. पंतांनी तीच संमती धरली. काशीला गुरूंना सांगितले, मला बायको-मुले नाहीत. संन्यास मिळाला.

आता पाहा. यात लोभ नाही, कोणाचे वाईट करण्याची इच्छा नाही. हेतू तर मोक्षाचा! निरुपद्रवी खोटे म्हणून काही असेल, तर ते हेच असायला हवे. पण त्याची किंमत कोणी मोजली? आळंदीत अश्वत्थाला प्रदक्षिणा घालीत दिवस काढणाऱ्या रुक्मिणीमातेने. आणि पुढे ‘संन्याशाची पोरे’ म्हणून हिणवलेल्या चार लेकरांनी. आई-वडिलांना देहान्त प्रायश्चित्त घ्यावे लागले. वाळीत टाकणाऱ्यांची निष्ठुरता त्यांचीच, ते पाप पंतांच्या माथी मारू नये. पण त्या निष्ठुरतेला निमित्त मिळाले, ते या असत्याचे.

कोणी म्हणेल, बुवा, पंत खोटे बोलले नसते तर माउली कशी लाभली असती? नीट ऐका. माउली लाभली ती खोट्यामुळे नव्हे, खोटे निस्तरल्यामुळे. गुरू आळंदीस आले, नमस्कार करणाऱ्या रुक्मिणीला त्यांनी ‘पुत्रवती भव’ असा आशीर्वाद दिला. तिचा पती तर संन्यासी झालेला! गुरूंनी चौकशी केली, सत्य उमगले. आपला बोल राहावा म्हणून त्यांनी दुसरे खोटे रचले नाही, प्रकरण झाकलेही नाही. शिष्याला परत घरी पाठवले. चारही लेकरे त्यानंतरची.

आपल्या घरी काय चालते? उसने मागणारा दारात दिसला की नातवाला सांगतो, ‘आजोबा घरी नाहीत म्हण.’ नातू उसन्याचे विसरतो, खोटे शिकतो. आजाऱ्याला धीर म्हणून त्याचा आजार लपवतो. तो मनातले बोलायचे ठेवूनच जातो. मुलाचे व्यसन दडवून लग्न ठरवतो, ‘पुढे सुधारेल’ म्हणतो. मग दुसऱ्याची लेक जन्मभर ते फेडते. हेतू विचारा, तिन्ही ठिकाणी चांगलाच!

सत्य कठोरपणेच सांगावे असे नाही. मायेने सांगता येते, वेळ पाहून सांगता येते, क्वचित गप्पही बसता येते. मात्र आपल्या गप्प बसण्याने समोरचा चुकीच्या समजुतीत चालत राहिला, तर तेही खोटेच. माझे खोटे उद्या कोण फेडणार, एवढे बोलण्यापूर्वी विचारावे. गळ्यात तुळशीची माळ घालताना आपण खरे बोलण्याचेही वचन दिले आहे. एकादशी पंधरा दिवसांनी येते, हे व्रत मात्र रोजचे आहे.