तुरीन शहरींचें प्रेतवस्त्र : खरें कीं चितारलेलें?

मयतावर कोरें कापड घालण्याची रीत आमच्या जिवतीच्या पठारावर सर्वांच्या परिचयाची आहे. वार्ता कळतांच सोयरेधायरे बाजारांतून एकेक कापड विकत घेऊन येतात, तें मातींत जातें, आणि पुन्हा त्याचें दर्शन कोणास घडत नाहीं. अरिमथाईकर योसेफानेंहि तेंच केलें. त्यानें वस्त्र विकत आणिलें, प्रभूचा देह त्यांत गुंडाळिला व खडकांत खोदलेल्या कबरेंत ठेविला, असें मार्काच्या शुभवर्तमानांत आहे. भेद इतकाच कीं, येथें तिसऱ्या दिवशीं कबर रिकामी झाली आणि वस्त्रें मागें राहिलीं. त्या वस्त्रांचें पुढें काय झालें याविषयीं चारहि शुभवर्तमानकार मौन धरितात. त्या मौनांतूनच सर्व वाद उत्पन्न झाला आहे.

ज्युबिलीनिमित्त मंदिराची रंगरंगोटी चालली असतां भिंतीवरची एक जुनी तसबीर खालीं उतरविण्यांत आली. ती तुरीन येथील वस्त्रावरील मुखाची. तिच्याखालीं कोणीं तरी जाड अक्षरांत ‘प्रभूच्या अंगावरील खरें प्रेतवस्त्र’ अशी चिठ्ठी डकविलेली होती. चंद्रपुरास महाविद्यालयांत शिकणाऱ्या आमच्या एका तरुणानें ती वाचून सरळ विचारलें, “हें खरें असेल, तर शास्त्रज्ञांनीं तें मध्ययुगांतलें कां ठरविलें?” जवळच एक आजीबाई पदरानें ती तसबीर पुसत होत्या. त्यांचा हात थांबला. तरुणाच्या प्रश्नापेक्षां त्या थांबलेल्या हातानेंच आम्हांस अधिक बेचैन केलें. त्या वेळीं नीट उत्तर देतां आलें नाहीं; म्हणून नंतर जें वाचून पाहिलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम वस्तु कशी आहे तें पाहूं. सुमारें ४.४ मीटर लांब व १.१ मीटर रुंद असें हें कापड इटलींतील तुरीन येथें आहे. मराठी शास्त्रांत ‘तागाचें वस्त्र’ असे शब्द येतात. वस्तुतः हें जवसाच्या खोडापासून काढिलेल्या धाग्याचें कापड होय. विदर्भांत आपण जवस तेलासाठीं पेरतों. मिसर देशांत व युरोपांत त्याच्या लांब खोडाचें सूत काढीत. कापडावर एका पुरुषाची पुढची व मागची अशा दोन फिकट पिवळसर आकृति उमटल्या आहेत, आणि मनगट, पाय व कूस या ठिकाणीं रक्तासारखे डाग आहेत.

या वस्त्राचा निश्चित इतिहास फ्रान्स देशांतील लिरे या लहानशा गांवीं सुरू होतो. तेथील मंदिर जॉफ्रुआ द शार्नी नांवाच्या सरदारानें बांधिलें. हा सरदार १३५६ सालीं प्वातिये येथील लढाईंत पडला. त्याच सुमारास लिरे येथें वस्त्राचें दर्शन होऊं लागलें. पुढें १३८९ सालीं त्र्वा येथील बिशप पिएर दार्सी यांनीं अविन्योंच्या क्लेमेंट सातव्यांस उद्देशून एक निवेदन लिहिलें. त्यांत ते म्हणतात कीं, आपल्या पूर्वींचे बिशप आंरी द प्वातिये यांनीं चौकशी केली होती, आणि हें वस्त्र आपण रंगविलें अशी कबुली खुद्द चित्रकारानें दिली होती. चित्रकाराचें नांव मात्र दिलेलें नाहीं, आणि निवेदनाची जी प्रत उपलब्ध आहे ती बिनतारखेची. वस्त्राचे कैवारी यावर बोट ठेवितात, व तें अगदींच अनाठायीं नव्हे. परंतु २०२५ सालीं आणखी एक साक्ष विद्वानांच्या पुढें आली. निकोल ओरेम हे चौदाव्या शतकांतील थोर पंडित, पुढें स्वतः बिशप झालेले. त्यांच्या एका लेखांत लिरे येथील वस्त्राचा उघड निर्देश असून, दानाच्या लोभानें पुरोहितांनीं केलेल्या फसवणुकीचें उदाहरण म्हणून तें दिलें आहे. हा लेख दार्सींच्या निवेदनापूर्वींचा आहे.

क्लेमेंट यांनीं १३९० सालीं जो निवाडा दिला तो आम्हांस फार शहाणपणाचा वाटतो. दर्शनास त्यांनीं बंदी केली नाहीं. अट इतकीच घातली कीं, दर्शनाच्या वेळीं मोठ्यानें सांगावें : हें प्रभूचें खरें प्रेतवस्त्र नसून त्याची प्रतिमा आहे. ही अट पुढें किती पाळली गेली हें वाचकांनीं आमच्या तसबिरीखालच्या चिठ्ठीवरून ओळखावें!

१४५३ सालीं शार्नी घराण्यांतील मार्गारेट हिनें तें वस्त्र सव्हॉय घराण्यास दिलें. शांबेरी येथें ४ डिसेंबर १५३२ रोजीं लागलेल्या आगींत त्यास भोकें पडलीं, व क्लारावतांच्या भगिनींनीं ठिगळें लाविलीं. १५७८ सालीं तें तुरीनला आलें आणि १९८३ पासून पोपमहाशयांच्या मालकीचें आहे.

आतां छायाचित्राची कथा. १८९८ च्या मे महिन्यांत सेकोंदो पिया या वकिलानें वस्त्राचें पहिलें छायाचित्र घेतलें. काचेच्या पाटीवरील उलटें चित्र धुतांच त्यांत एक सरळ, गंभीर, जिवंत वाटणारा चेहरा उमटलेला त्यास दिसला. आमच्या भिंतीवरची तसबीरहि याच प्रकारची आहे. साऱ्या जगांत खळबळ उडाली. मौज अशी कीं, १९०२ सालीं पॅरिसच्या विज्ञानसभेपुढें वस्त्राची बाजू मांडणारे ईव्ह दलाज हे प्राणिशास्त्रज्ञ ईश्वराच्या अस्तित्वाविषयीं साशंक होते, तर जुने कागद उकरून वस्त्राच्या विरुद्ध लिहिणारे युलीस शव्हालिये हे कॅथोलिक धर्मगुरु होते. इंग्लंडांतील येशूसंघीय फा. थर्स्टन यांनींहि त्यांचीच री ओढली. श्रद्धावंत एका बाजूस व विज्ञान दुसऱ्या बाजूस अशी या वादाची मांडणी करणारांनीं हें ध्यानांत ठेवावें.

१९७८ सालीं अमेरिकन शास्त्रज्ञांच्या मंडळानें सुमारें पांच दिवस अहोरात्र तपासणी केली. आकृति रंगानें काढिली असल्याचें त्यांस आढळलें नाहीं. धाग्यांच्या अगदीं वरच्या थरालाच तो पिवळेपणा आला होता. मात्र वॉल्टर मॅक्रोन या सूक्ष्मदर्शकतज्ज्ञानें गेरू व हिंगूळ यांचे कण दाखवून हें चित्रच आहे असें ठासून सांगितलें. निर्णायक म्हणून गाजली ती १९८८ ची परीक्षा. प्रत्येक सजीव वस्तूंत कर्बाचा एक किरणोत्सर्गी प्रकार असतो, आणि ती वस्तु मेल्यावर तो ठराविक गतीनें घटत जाऊन सुमारें ५७३० वर्षांत निम्मा उरतो. जवसाचें खोड केव्हां कापलें हें त्यावरून काढितां येतें. कोपऱ्याची एक चिंचोळी पट्टी कापून ऑक्सफर्ड, झुरिच व ॲरिझोना येथील प्रयोगशाळांस दिली. सोबत ज्यांचें वय अन्य पुराव्यानें ठाऊक होतें अशीं जुनीं कापडेंहि दिलीं. १३ ऑक्टोबर १९८८ रोजीं तुरीनचे कार्डिनल बालेस्त्रेरो यांनीं निकाल स्वतः जाहीर केला : इ. स. १२६० ते १३९०.

यावर आक्षेप पुष्कळ आले. रेमंड रॉजर्स या रसायनतज्ज्ञानें २००५ सालीं लिहिलें कीं, ती पट्टी मागाहून रफू केलेल्या भागांतली होती, कारण तींत कापूस व रंगाचा अंश सांपडतो. परंतु २००२ सालीं ठिगळें काढून वस्त्राची डागडुजी करणाऱ्या वस्त्रतज्ज्ञ बाई फ्ल्युरी-लेम्बर्ग यांस तेथें रफूचें चिन्ह आढळलें नाहीं. आणि त्या तर वस्त्राच्या बाजूच्या! २०२२ सालीं इटालियन संशोधकांनीं क्ष-किरणांच्या साह्यानें तें दोन हजार वर्षांचें असूं शकेल असें मांडलें. ती पद्धति अद्याप सर्वमान्य नाहीं. आमचें मत विचाराल तर, चौदाव्या शतकांतील कागद आणि विसाव्या शतकांतील कर्बमापन हीं एकमेकांस न विचारतां एकच काळ सांगतात, हें आम्हांस दुर्लक्षितां येत नाहीं. आकृति उमटली कशी, याचा सर्वांस पटणारा उलगडा मात्र कोणासहि झालेला नाहीं, हेंहि तितक्याच प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे.

या कथेंत आपल्या देशाचेंहि नांव येतें. २०१५ सालीं पादुआ येथील प्रा. बार्काचा व त्यांचे सहकारी यांनीं वस्त्रावरील धुळींतील मानवी अंशांची आनुवंशिक तपासणी केली. त्यांत भारतीय वंशाच्याहि खुणा निघाल्या, आणि सूत हिंदुस्थानांतून गेलें असावें कीं काय अशी शंका त्यांनीं मांडली. कापूस पिकविणाऱ्या आमच्या जिल्ह्यास हें वाचून अभिमान वाटेल. पण शतकानुशतकें हजारों हातांनीं हाताळलेल्या वस्त्रावरची धूळ विणकराचा पत्ता सांगेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

गोव्यास जाऊन आलेल्या मंडळींस संत फ्रान्सिस झेवियर यांच्या देहाविषयींचा वाद आठवेल. तो देह सिंहलद्वीपांतील एका बौद्ध भिक्षूचा आहे असें म्हणणारे आहेत. परंतु तेथें साखळी अखंड आहे : ३ डिसेंबर १५५२ रोजीं सांचियान बेटावर मृत्यु, पेटींत चुना घालून दफन, पुढल्या वर्षीं मलाक्का, आणि १६ मार्च १५५४ रोजीं गोवा. त्या काळचे साक्षीदार व देह तपासणारे वैद्य यांच्या जबान्या आहेत. तुरीनच्या वस्त्रास अशी साखळी असती तर कर्बाशीं झगडण्यास बळ आलें असतें. रिकामी कबर व लिरे यांच्यामध्यें तेराशें वर्षांचें अंतर आहे.

पोप जॉन पॉल दुसरे २४ मे १९९८ रोजीं तुरीनला गेले, तेव्हां त्यांनीं सांगितलें कीं, या प्रश्नावर निर्णय देण्याचा विशेष अधिकार ख्रिस्तसभेस नाहीं. तो शोध शास्त्रज्ञांचा आहे. वस्त्रासमोर ते स्वतः मात्र प्रार्थनेंत उभे राहिले.

हें सर्व आम्हीं एका रविवारीं मिस्सेनंतर आजीबाईंस सांगितलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, “मग तसबीर काढणार काय?” आम्हीं नाहीं म्हटलें. चिठ्ठी मात्र बदलली. आतां तेथें ‘तुरीन येथील वस्त्रावरील मुखाची प्रतिमा’ असें लिहिलें आहे. अक्षर त्या महाविद्यालयीन तरुणाचें आहे, आणि खिळा ठोकतांना तसबीर धरून उभ्या होत्या त्या आजीबाई.