स्टॉकहोममधील इटालियन सांस्कृतिक संस्था : परतभेटीची वास्तू

स्वीडन आणि इटली यांच्यातील सांस्कृतिक संबंधांचा प्रवाह कित्येक शतके प्रामुख्याने उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहत होता. सतराव्या शतकात धाकटा निकोदेमुस टेसिन हा वास्तुशिल्पी रोममध्ये शिकला आणि तेथील बरोक शैली, म्हणजे भव्यता व नाट्यमयता यांवर भर देणारी रचनापद्धती, त्याने पुढे स्टॉकहोमच्या राजवाड्यात उतरवली. राणी क्रिस्टिना हिने तर १६५४ मध्ये सिंहासनाचा त्याग करून आपल्या उर्वरित आयुष्याचा बहुतांश काळ रोममध्येच व्यतीत केला. विसाव्या शतकात स्वीडनने रोममध्ये पुरातत्त्व व कला यांच्या अभ्यासासाठी स्वतःची संस्था स्थापन केली आणि १९४० मध्ये तिला ईवार तेंगबूम यांनी रचलेली इमारत लाभली.

परदेशांत सांस्कृतिक संस्था उभारण्याची तरतूद इटलीने १९२६ च्या कायद्याने केली होती. परंतु मुसोलिनीच्या राजवटीत झालेल्या या तरतुदीमागे संस्कृतीइतकीच राज्यसत्तेच्या प्रतिष्ठेचीही चिंता होती. या पार्श्वभूमीवर, महायुद्धानंतरच्या लोकशाही इटलीने १९५८ मध्ये स्टॉकहोमच्या यार्देट भागात पूर्ण केलेली वास्तू वेगळ्या वृत्तीची साक्ष देते. तिला आर्थिक पाठबळ देणारे कार्लो मौरीलिओ लेरिची, ज्यांचे नाव ही संस्था आजही धारण करते, हे अभियंते व उद्योजक होते. जमिनीचा विद्युतरोध मोजून तिच्या पोटातील पोकळ्या ओळखण्याचे तंत्र त्यांनी एत्रुस्कन, म्हणजे रोमपूर्व मध्य इटलीतील, लोकांच्या थडग्यांच्या शोधासाठी वापरले; थडग्याच्या छतातून बारीक छिद्र पाडून त्यात दिवा व कॅमेरा असलेली नळी सोडली जाई, त्यामुळे उत्खननाआधीच आतील भित्तिचित्रांचा अंदाज येत असे.

इमारतीचा आराखडा मिलानचे वास्तुशिल्पी जिओ पोंती यांचा आहे. याच काळात ते अभियंते पिएर लुइजी नेर्वी यांच्यासह मिलानच्या पिरेल्ली मनोऱ्यावर काम करत होते, आणि स्टॉकहोममधील सभागृहाच्या छताच्या रचनेतही नेर्वी यांचा सहभाग होता. पोंती यांनी केवळ भिंती व खिडक्याच नव्हे, तर अंतर्गत सजावट आणि फर्निचर यांचाही विचार एकाच हाताने केला. परिणामी ग्रंथालयात वाचायला किंवा सभागृहात व्याख्यान ऐकायला येणाऱ्या अभ्यागताला इटालियन संस्कृतीची ओळख पुस्तकाच्या किंवा वक्त्याच्या आधी त्या वास्तूकडूनच होते.

अशा संस्थांचे मोल भाषावर्ग, चित्रपट आणि प्रदर्शने यांच्या संख्येवरून ठरवण्याचा प्रघात अपुरा आहे. जुन्या रोमचे अवशेष पाहण्यासाठी दक्षिणेकडे जाणाऱ्या स्वीडिश विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना इटलीने येथे जे उत्तर दिले, ते अवशेषांच्या प्रतिकृतीने नव्हे, तर आपल्या समकालीन प्रतिभेने दिले. भूतकाळाच्या वैभवावर विसंबून न राहता वर्तमानातील सर्वोत्तम कारागिरी परक्या राजधानीत मांडण्याचा हा आत्मविश्वासच या वास्तूचे खरे ऐतिहासिक महत्त्व होय.