कुंचल्याचा संस्कार

गोरेगावात व्याख्यान आहे म्हटलं की मुंबईचे स्नेही मला फिल्मसिटीचा रस्ता सांगायला लागतात. त्यांना समजावावं लागतं की बाबांनो, हे गोंदिया जिल्ह्यातलं, झाडीपट्टीतलं गोरेगाव. इथे दिवाळी झाली की मंडई भरते आणि रात्रभर नाटक चालतं. आजचा विषय कॉम्प्युटरवरच्या चित्रकलेतले ब्रश जपून कसे ठेवायचे हा असला, तरी सुरुवात मी नाटकाच्या पडद्यापासूनच करणार आहे.

माझ्या लहानपणी पडदे रंगवणारे एक काका आमच्या शेजारी राहत. त्यांच्या पत्र्याच्या डब्यात वीस-बावीस ब्रश. जंगलाची पानं काढायला झिजून बोडखा झालेला चुन्याचा ब्रश, नदीच्या पाण्याला चपटा, महालाच्या कमानीला लांब केसांचा. नव्या ब्रशाला ते हात लावू देत, झिजलेल्याला नाही. "नवा बजारात भेटते, हा कुठं भेटते?" म्हणायचे. ते गेल्यावर घरच्यांनी डबा साफ केला. ब्रश चुलीत गेले.

ब्रशाचा गुण जपायचा कसा, हा प्रश्न जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ.स. ११३०च्या सुमारास 'मानसोल्लास' रचला. त्यात मराठीचे जुने नमुने सापडतात म्हणून भाषेचे प्राध्यापक त्याचं नाव घेतात. चित्रकार मात्र क्वचितच. चित्रकाराची लेखणी कशी करावी हेही त्यात आहे. वासराच्या कानाचे केस घ्यायचे, लाखेने बसवायचे. जाड, मध्यम आणि बारीक असे तीन प्रकार. ते केस कधीच झडले, कृती मात्र आजही वाचता येते.

कॉम्प्युटरने हीच कृती आकड्यांत लिहिली. १९९०च्या फोटोशॉपमधला ब्रश म्हणजे मूळात एक ठसा. तो लागून लागून उमटवला की रेघ होते. १९९१ साली मार्क झिमर आणि टॉम हेजेस यांचं 'पेंटर' आलं, चक्क रंगाच्या डब्यात घालून विकलेलं, आणि खडू-कोळशाची नक्कल होऊ लागली. २००२च्या फोटोशॉप ७मध्ये ब्रशाची यंत्रणा नव्याने बांधली गेली. ठशाचा आकार, दोन ठशांमधलं अंतर, पेनाच्या दाबाने जाडी किती बदलावी, पोत कसा दिसावा, हे सगळं ठरवून तो संच नावानिशी ठेवता येऊ लागला. यालाच प्रीसेट म्हणायचं.

आता तत्त्वज्ञानाचा मास्तर इथे गप्प कसा बसेल? वैशेषिकांनी 'संस्कार' नावाचा गुण मानला आणि त्याचे तीन प्रकार केले: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. वाकवलेली वस्तू पूर्ववत होते ती स्थितिस्थापकामुळे. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात त्याला चटईचं उदाहरण आहे. ब्रशाचे केस तेच करतात. प्रीसेट उघडून बघा, पेनाचा वेग वाढला तर काय, दाब सुटला तर काय, या दोन गोष्टी आकड्यांत आल्या आहेत. राहिली भावना, म्हणजे आठवण घडवणारा संस्कार. अन्नंभट्ट म्हणतो, ती फक्त आत्म्यात राहते. फाईलमध्ये ती उतरत नाही. हा ब्रश कशासाठी केला, हे करणाऱ्याने नावातच लिहायला हवं. 'ब्रश १७' असं नाव देणं म्हणजे मुलाला हजेरी क्रमांकाने हाक मारणं.

माझी नात नाटकांची पोस्टरं रंगवते. तीन वर्षांत तिने दीडशेवर ब्रश केले. मशीन संथ झालं, दुरुस्ती करणाऱ्याने प्रोग्रॅमच्या सेटिंग मूळपदावर नेल्या आणि ब्रश गेले. तेव्हा कळलं की फोटोशॉपमध्ये नवा ब्रश आधी प्रेफरन्सच्या फाईलमध्ये राहतो. ती फाईल पुसली की तोही गेला. म्हणून वेगळी एबीआर फाईल काढून दुसरीकडे ठेवायची असते. पोर दोन दिवस जेवली नाही. मला ती चूल आठवत होती.

पुढे तिने 'क्रिटा' घेतलं. हे फुकट मिळतं. स्वीडिश भाषेत क्रिटा म्हणजे खडू. मला मात्र फाशांच्या डावातलं 'कृत' हे सर्वोत्तम दान आठवतं. त्यात प्रत्येक ब्रशाची केपीपी फाईल असते. ती खरं तर एक छोटं चित्र, आणि त्याच्याच पोटात सगळ्या सेटिंग. शिवाय टॅग लावता येतात. फोल्डरात ब्रश एकाच घरी नांदतो, टॅगमुळे तोच 'जंगल'मध्येही सापडतो आणि 'रात्र'मध्येही. अनेक ब्रश एका बंडलमध्ये बांधून दुसऱ्याला देताही येतात.

गेल्या महिन्यात तिने काकांच्या चुन्याच्या ब्रशाबद्दल विचारलं. केस कुठे जास्त झिजले होते, मनगट कसं फिरायचं, आठवलं तेवढं सांगितलं. पहिल्या तीन वेळा पानं फार शिस्तीत आली. चौथा जरा जमला. त्याचं नाव 'काका-पानं-४'. आधीचे तीन तिने पुसले नाहीत. पेन ड्राइव्हवर एक प्रत माझ्या कपाटात आहे, तर्कसंग्रहाशेजारी. आता कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.