पुंजसंगणनातील दोषनिवारणाचा सिद्धान्त

यंत्राची चूक यंत्रानेच ओळखून दुरुस्त करावी, ही कल्पना पुंजसंगणकाहून जुनी आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग यांना गणकयंत्र केवळ शनिवारी-रविवारी मिळत असे; चूक आढळली की ते यंत्र हातचे काम टाकून पुढील कामास लागे. या त्राग्यातून निघालेला हॅमिंग यांचा दोषनिवारक संकेत १९५० साली प्रसिद्ध झाला. त्यात मूळ चार अंकांना तीन जादा अंकांची जोड दिली असता, सातांपैकी नेमका कोणता एक अंक बिघडला हे कळते. आवश्यकतेहून अधिक सांगावे, एवढेच यामागील तत्त्व. वेदपाठकांचे क्रम, जटा व घन हे पाठ याच तत्त्वावर टिकले; आणि ‘मुलगी आली’ या साध्या वाक्यातही स्त्रीलिंग दोनदा उमटते.

पुंजयामिकीच्या क्षेत्रात मात्र हा मार्ग बंद आहे असे दिसत होते. अज्ञात पुंजावस्थेची हुबेहूब प्रत काढता येत नाही, हे वूटर्स व झुरेक यांनी, आणि स्वतंत्रपणे डीक्स यांनी, १९८२ साली सिद्ध केले होते. त्यातच, अवस्था पाहू जावे तर ती पाहण्यानेच मोडते. शिवाय पुंज-अंक, म्हणजेच क्यूबिट, केवळ शून्याचा एक होऊन बिघडत नाही. तो कणाकणाने ढळतो, आणि असे सूक्ष्म ढळ साचत जातात. पीटर शोर यांनी १९९४ साली मोठ्या संख्यांचे अवयव त्वरित पाडण्याची पुंजरीती मांडल्यावर या आक्षेपांना धार आली. रोल्फ लँडॉवर यांनी ढळाचा मुद्दा लावून धरला. पुढे २०१२ साली नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले सेर्ज आरोश यांनी रेमों यांच्यासह १९९६ साली, हे स्वप्न आहे की दुःस्वप्न, असाच प्रश्न विचारला. या आक्षेपकांना पुढे अदूरदर्शी ठरविण्यात आले, ते न्याय्य नव्हे. त्यांची तिन्ही विधाने खरी होती. चूक होती ती न उच्चारलेल्या चौथ्या गृहीतात: दोष शोधावयाचा तर आशय वाचलाच पाहिजे.

शोर यांनी १९९५ साली हे गृहीतच मोडले. त्यांच्या संकेतात एका क्यूबिटाचा आशय नऊ क्यूबिटांत, तीन-तीनांच्या तीन गटांत, पसरलेला असतो. ही प्रत नव्हे; कोणत्याही एका क्यूबिटापाशी आशय नसतोच, तो त्यांच्या परस्परसंबंधात असतो. मापन करताना ‘तू शून्य की एक?’ असे विचारावयाचे नाही. ‘तुम्ही दोघे सारखे आहात काय?’ एवढेच विचारावयाचे. गटांतर्गत तुलनेने अंकाची उलटापालट कळते, गटागटांच्या तुलनेने कलेची. उत्तरातून दोषाचे स्थान उघड होते, आशय झाकलेलाच राहतो. या उत्तरांना संकेतशास्त्रात वैद्यकातून उसने घेतलेले ‘सिंड्रोम’ हे नाव आहे, आणि ते समर्पक आहे: शरीर न उघडता लक्षणांवरूनच निदान करावयाचे असते. याहून मार्मिक गोष्ट अशी की, हा प्रश्न विचारताच कणभर ढळाला एक तर नाहीसे व्हावे लागते, नाहीतर पूर्ण दोषाचे रूप घ्यावे लागते. जे मापन शत्रू मानले गेले होते, त्यानेच लँडॉवर यांच्या आक्षेपाला उत्तर दिले.

ऑक्सफर्डचे अँड्र्यू स्टीन यांनी स्वतंत्रपणे याच विचाराशी येऊन १९९६ साली सात क्यूबिटांचा संकेत दिला. त्याचा पाया हॅमिंग यांचाच. त्याच वर्षी पाच क्यूबिटांचा संकेतही सापडला, आणि १९९७ साली डॅनियल गॉट्समन यांच्या प्रबंधाने या सर्वांना एक बीजगणित मिळाले.

परंतु दुरुस्ती करणारी क्रियाही सदोषच असते, ही अडचण उरली होती. अहारोनोव्ह व बेन-ऑर, किताएव्ह, तसेच निल, लाफ्लाम व झुरेक यांनी त्या सुमारास असे दाखविले की, प्रत्येक क्रियेतील दोषाचे प्रमाण एका उंबरठ्याखाली असेल तर क्यूबिट वाढविल्याने दोष घटतो. उंबरठ्यावर असेल तर वाढविलेला प्रत्येक क्यूबिट भारच होतो. किताएव्ह यांनी १९९७ साली मांडलेल्या वलयपृष्ठावरील संकेतात प्रत्येक तपासणी केवळ चार शेजाऱ्यांपुरती असते. यंत्र बांधणाऱ्यांना ही काटकसर फार मोलाची ठरली.

तरीही कागदावरील उंबरठा यंत्रात ओलांडण्यास सत्तावीस वर्षे लागली. २०२४ साली गूगलच्या संशोधकांनी १०१ क्यूबिटांच्या मांडणीत असे दाखविले की, संकेताचे अंतर दोनाने वाढविताच दर फेरीतील दोष २.१४ पटीने घटतो. त्या प्रयोगात गणित केले नव्हते. एक क्यूबिट केवळ स्मरणात जपला होता.