सिन्नरच्या वाटेवरील फिरते उपदेशक

नाशिकहून पुण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आठ-नऊ कोसांवर वसलेले सिन्नर हे गाव आपणां सर्वांस गोंदेश्वराच्या देवालयामुळे व यादवांच्या पूर्ववैभवामुळे परिचित आहे. परंतु सिन्नरचे महत्त्व केवळ राजवैभवात नाही. ते त्याच्या वाटांत आहे. त्र्यंबकेश्वराहून निघणारी श्रीनिवृत्तिनाथांची पालखी नाशिकवरून सिन्नरास येते व पुढे राहुरी, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या मार्गाने पंढरीस जाते. महानुभावांचे अटन, नाथपंथी जोग्यांची फेरी, वारकरी कीर्तनकारांची भ्रमंती यांपैकी गोदावरीखोऱ्यातील खेड्यांस नवे असे काहीच नव्हते. या जुन्या मालिकेत एकोणिसाव्या शतकात एका नव्या वर्गाची भर पडली. तो वर्ग म्हणजे खेडोपाडी हिंडून चार-दोन घरांच्या लहान लहान मंडळ्यांस धीर देणारे ख्रिस्ती उपदेशक. त्यांच्या फिरतीचा इतिहास थोडक्यात सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ज्ञातीच्या स्मरणिकेत ख्रिस्ती उपदेशकांचे काय प्रयोजन, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उद्भवणे स्वाभाविक आहे. त्यास दोन उत्तरे आहेत. एक असे की, या उपदेशकांत परदेशी साहेबांपेक्षा आपल्याच मुलखातील, आपल्याच भाषेत बोलणारी व कोणत्या ना कोणत्या ज्ञातीतून बाहेर पडलेली माणसे अधिक होती. त्यांचा इतिहास हा ज्ञातिसंस्थेच्याही इतिहासाचा भाग आहे. दुसरे असे की, विखुरलेल्या थोड्या कुटुंबांस एकत्र कसे ठेवावे, हा प्रश्न जसा त्यांच्यापुढे होता, तसाच तो आज आपल्या मंडळापुढेही आहे.

या प्रांतातील फिरत्या ख्रिस्ती उपदेशकांच्या कथेचा आरंभ एका मृत्यूने होतो. गॉर्डन हॉल हा अमेरिकन मिशनरी इ. स. १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरला. मराठी शिकून रस्त्यात, बाजारात, देवळांच्या आवारात लोकांशी बोलत हिंडणे हा त्याचा क्रम होता. इ. स. १८२६ च्या मार्च महिन्यात दोन ख्रिस्ती मुलांस बरोबर घेऊन तो नाशिकास आला, त्या वेळी तेथे पटकीचा कहर चालला होता. जवळची औषधे त्याने रोग्यांस वाटली. परतीच्या वाटेवर एका खेड्यात देवळाच्या ओसरीवर त्याने मुक्काम केला. तेथेच त्यास पटकीने गाठले आणि २० मार्च रोजी काही तासांतच त्याचा अंत झाला. वय अवघे एकेचाळीस. बरोबरच्या त्या दोघा मुलांनीच त्यास मूठमाती दिली. परधर्माचा उपदेश करणाऱ्या या मनुष्यास अखेरचा आसरा मिळाला तो हिंदूंच्या देवळाच्या ओसरीवर! आपल्या खेड्यांच्या आतिथ्यशीलतेची ही खूण इतिहासाने जपून ठेविली आहे.

पुढे पाच-सहा वर्षांच्या आत या मुलखाच्या दोन बाजूंस दोन ठाणी उभी राहिली. १८३१ च्या अखेरीस अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरास, तर १८३२ साली इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकास कार्य सुरू केले. नाशिकनजीक शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती वसली ती त्यानंतर. अरबी समुद्रातील गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेल्या आफ्रिकी मुलांसही तेथे आश्रय व शिक्षण मिळाले. इ. स. १८६६ साली डॉ. लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या प्रवासास निघाला, तेव्हा नाशिकच्या या शाळेतील नऊ तरुण त्याने सोबत घेतले होते. पुढे तेथलाच जेकब वेनराइट हा त्याच्या मृतदेहासोबत इंग्लंडपर्यंत गेला व १८७४ साली वेस्टमिन्स्टर ॲबे येथील दफनविधीस उपस्थित राहिला. गोदाकाठच्या एका लहानशा वस्तीचे धागे कोठवर पोहोचले होते, हे यावरून दिसून येईल.

नाशिक व नगर या दोन ठाण्यांमधील खेडी हेच फिरत्या उपदेशकांचे क्षेत्र होते. पावसाळ्यात चिखलामुळे गाड्या चालत नसत. म्हणून ते चार महिने ठाण्यावर अध्यापन व लेखन यांत जात. दिवाळी उलटली, वाटा वाळल्या, की बैलगाडीवर राहुटी, शिधा व पुस्तकांची पेटी घालून फिरती सुरू होई. आठवड्याचा बाजार व जत्रा हे त्यांचे हुकमी ठिकाण. दिवसा तेथे पुस्तके विकावयाची, रात्री चावडीपुढे अगर महारवाड्यात भजन व प्रवचन करावयाचे, आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या गावचा रस्ता धरावयाचा. थंडीचे दिवस संपून उन्हाचा ताप असह्य होईपर्यंत हा क्रम चाले.

परंतु बाजारातील प्रवचनापेक्षा महत्त्वाचे काम निराळेच होते. ज्या गावी दोन-चार कुटुंबांनी बाप्तिस्मा घेतला असेल, तेथे ती कुटुंबे सर्वस्वी एकाकी पडत. त्यांतील बहुतेक जण तत्कालीन अस्पृश्य समाजातील असत. गावाने त्यांस पूर्वीही विहिरीवर येऊ दिले नव्हते. आता भाऊबंदही रोटीबेटी व्यवहार तोडीत. वतनाचे काम व बलुत्याचा हक्क यांवरून तंटे उपस्थित होत. देवकार्यातील वाजंत्री, मृत जनावरे ओढणे, वेठीची कामे ही नव्या धर्मात करावी की नाही, आणि न केल्यास वाट्याचे धान्य मिळावे की नाही, हे प्रश्न त्यांच्या दृष्टीने पोटाचे होते. अशा मंडळीत एक शिक्षक राहत असे. तोच शाळा चालवी, तोच रविवारी उपासना घेई. पण बाप्तिस्मा, प्रभुभोजन व विवाह यांसाठी दीक्षित पाळकाची वाट पाहावी लागे. म्हणून गाडीच्या घुंगरांचा आवाज येणे हा त्या घरांचा सण असे. पाळक येई तो दुसऱ्या गावच्या मंडळीची खुशाली सांगे, सोयरिकी जुळवी, भांडणे मिटवी, अर्ज लिहून देई. तुम्ही एकटे नाही, एवढे एक वाक्य घेऊन तो कोसच्या कोस चालून येत असे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

या कार्यात एतद्देशीय पाळकांचा वाटा फार मोठा होता. हरि रामचंद्र खिस्ती हे ब्राह्मण गृहस्थ १८३९ साली ख्रिस्ती झाले व १८५४ साली रामकृष्ण विनायक मोडक यांच्यासह पाळक म्हणून दीक्षित झाले. नारायण शेषाद्री यांनी जालन्याच्या आसपास मांग समाजात काम करून बेथेल ही वसाहत वसविली. १८४२ साली अहमदनगरास निघालेल्या ‘ज्ञानोदय’ पत्राने दूरदूरच्या मंडळ्यांत वृत्तांचा दुवा जोडला. परंतु खेड्यातल्या माणसाच्या अंतःकरणास भिडले ते कीर्तन. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कथानकास कीर्तनाचा साज चढविला. टाळ, वीणा, मृदंग आणि निरूपणाची जुनी धाटणी कायम राहिली, आख्यान मात्र नवे आले. ज्या श्रोत्यास विलायती चालीची गीते परकी वाटत, तोच श्रोता कीर्तनास मध्यरात्रीपर्यंत बसू लागला. उपदेश परका असला तरी पद्धती आपली असावी लागते, हे मर्म त्यांनी ओळखले होते.

दुष्काळाच्या काळात या कार्याची कठोर परीक्षा झाली. १८७६ ते १८७८ व १८९९-१९०० या दोन्ही दुष्काळांत मिशनांनी अन्नछत्रे, कामे व अनाथगृहे चालविली आणि बाप्तिस्मे घेणाऱ्यांची संख्या वाढली. ‘पोटासाठी धर्म सोडला’ हा आक्षेप तेव्हापासूनचा. त्यात तथ्य मुळीच नव्हते असे म्हणता येणार नाही, कारण सुबत्ता येताच काही कुटुंबे परत फिरली. पण पुष्कळ कुटुंबे अन्नछत्रे बंद झाल्यावरही टिकली, हेही तितकेच खरे आहे. भुकेल्यास धान्य कोणी दिले, एवढेच विचारून भागत नाही. पीक आल्यावरही त्याच्या दारी कोण येत राहिले, हेही पाहावे लागते. आणि आपण त्या वेळी कोठे होतो, हा प्रश्न आपण आपल्यासही विचारला पाहिजे.

ज्ञातिसंस्थेची वर्तणूकही येथे नमूद करणे प्राप्त आहे. १८४३ साली नारायण शेषाद्री यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडून परत घरी आला, तेव्हा त्या अल्पवयी मुलास प्रायश्चित्त देऊन ज्ञातीत घ्यावे की नाही, यावरून मुंबईत मोठे वादळ उठले. आचार्य बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले व त्यासाठी त्यांनी स्वजनांचा रोष पत्करिला. धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क अबाधित राहावा यासाठी सरकारास १८५० साली एकविसावा कायदा करावा लागला. कायद्याने इस्टेट मिळाली तरी घराचा उंबरठा मात्र मिळत नसे. वंशावळीतून नाव गाळणे, जिवंतपणी घटस्फोट करून स्नान करणे, हे प्रकार अनेक घराण्यांत घडले. त्या आईबापांचे दुःख खोटे नव्हते. पण त्या दुःखाची भिंत पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली.

याचे हृदयस्पर्शी उदाहरण आपल्या नाशिकचेच आहे. कै. नारायण वामन टिळक यांचे काही शिक्षण नाशिकास झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई या नाशिकजवळच्या जलालपूरच्या माहेरवाशीण. आगगाडीत भेटलेल्या एका अनोळखी युरोपियन प्रवाशाने दिलेल्या ‘नव्या करारा’च्या प्रतीने टिळकांच्या विचारांस वळण लागले व १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर जणू आकाशच कोसळले. सोवळ्याओवळ्यात वाढलेली ती स्त्री काही वर्षे आप्तांच्या आश्रयाने राहिली, नंतर पतीकडे गेली, आणि स्वतःच्या विचाराने १९०० साली तिनेही तोच मार्ग स्वीकारिला. हा सर्व प्रवास ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात त्यांनी ज्या निर्मळ विनोदाने वर्णिला आहे, त्यास मराठीत तोड नाही.

टिळक १९०४ साली दीक्षित पाळक झाले आणि राहुरीच्या परिसरात त्यांनी खेडुतांत काम केले. निवृत्तिनाथांची पालखी सिन्नरावरून ज्या राहुरीस जाते, तेच हे गाव. संतांचा अभंग ज्या वाटेने गेला, त्याच वाटेवर टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगात गायिली. तुकोबांच्या मार्गानेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची धारणा होती. १९१७ साली मिशनचे वेतन सोडून त्यांनी संन्यस्त वृत्ती धारण केली व ‘देवाचा दरबार’ स्थापिला; ९ मे १९१९ रोजी ते निवर्तले. लक्ष्मीबाईंनी पतीचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पूर्ण केले आणि १९३६ साली नाशिकासच देह ठेविला. ज्या नगरीच्या परिसराने त्यांस एके काळी परके मानिले, तीच नगरी आज त्यांचे नाव अभिमानाने उच्चारते.

या चळवळीच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. धर्म पालटला तरी जात पुष्कळदा पालटली नाही; महार व मांग ख्रिस्ती यांच्यातील अंतर अनेक मंडळ्यांत टिकून राहिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी यावर परखड टीका केली. १९३५ साली येवल्यास त्यांनी धर्मांतराची घोषणा केली आणि १९५६ साली बौद्ध धर्माची वाट धरली. पुढे १९७० साली अँग्लिकन परंपरेच्या व अमेरिकन परंपरेच्या बहुतांश मंडळ्या ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’त एकत्र आल्या. अशा रीतीने नाशिककडून येणारी व नगरकडून येणारी या दोन्ही वाटा शेवटी एका ठिकाणी मिळाल्या.

आता आपल्या मंडळाविषयी दोन शब्द. आपली वार्षिक सभा शहरात भरते, गुणगौरव शहरात होतो, स्मरणिकाही शहरातच वाटली जाते. आडगावी एकटेच राहणारे ज्ञातीचे एखादे घर आपणांस आठवते ते बहुधा वर्गणीच्या वेळी. ज्या उपदेशकांचा मार्ग आपण स्वीकारिला नाही, त्यांच्यापासून एक गोष्ट मात्र घेण्याजोगी आहे: जेथे माणसे थोडी तेथे आधी जावे, आणि काही मागण्यासाठी नव्हे, तर भेटण्यासाठी जावे. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी दिवाळीनंतर प्रत्येकी दोन गावांची अशी फेरी पत्करावी, ही आग्रहाची सूचना आहे.

दुसरी सूचना कुलवृत्तांताची. घराण्याच्या वंशावळी छापताना धर्मांतरामुळे गाळलेली नावे ज्यांच्या जुन्या चोपड्यांत, पत्रांत वा वृद्धांच्या स्मरणात असतील, त्यांनी ती अवश्य कळवावी. ती नावे परत लिहिल्याने कोणाचा धर्म बाटत नाही वा कोणाचा मोठेपणा उणावत नाही. पूर्वजांनी ज्यांस उंबरठ्याबाहेर ठेविले, त्यांस निदान वंशवृक्षावर त्यांच्या स्वतःच्या फांदीवर जागा मिळावी, एवढेच मागणे आहे. ज्ञातिबांधव व भगिनी त्याचा उदार मनाने विचार करतील, अशी खात्री वाटते.